काळ्या यादीपासून पाकिटावरच्या आकड्यापर्यंत

मे १९२३ मध्ये रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स हे जेमतेम तिशीतले डॉक्टर इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मोटारीने लंडनला निघाले. तीन वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह झाल्याचे निदान झाले होते आणि त्या काळी त्यावर उपाय म्हणजे जवळजवळ उपासमारच. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांनी रूढ केलेल्या पथ्यात लघवीतली साखर थांबेपर्यंत अन्न तोडत नेत. साखर थांबायची, पण माणूस हाडांचा सापळा होऊन जायचा. आपला शेवट घरच्यांना पाहावा लागू नये म्हणून लॉरेन्स परदेशी जाऊन राहिले होते. इन्सुलिन हाती आले असून त्याचा गुण येतो आहे, लगेच निघून यावे, अशी तार किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्याने केली. ३१ मे रोजी लॉरेन्स यांना पहिली सुई टोचली गेली. त्यानंतर ते ४५ वर्षे जगले.

इन्सुलिनने जीव वाचवला, पण जेवणाचा प्रश्न सोपा केला नाही. आता दोन बाजूंनी धोका होता. जेवण जास्त झाले तर साखर चढणार. इन्सुलिन टोचून पोट रिकामे राहिले तर ती इतकी उतरणार की घाम फुटून शुद्ध हरपावी. दोन्हींचा मेळ रोज, प्रत्येक जेवणाला बसवायचा होता, आणि तोही रुग्णाने स्वतःच्या स्वयंपाकघरात.

लॉरेन्स स्वतः रुग्ण होते, म्हणूनच त्यांनी काढलेली तोड इतकी व्यवहारी आहे. त्यांनी पदार्थांच्या दोन याद्या केल्या, एक काळ्या शाईत आणि एक लाल. काळ्या यादीतल्या प्रत्येक वाट्यात १० ग्रॅम कर्बोदके. लाल यादीतल्या वाट्यात साडेसात ग्रॅम प्रथिने आणि ९ ग्रॅम चरबी. एक काळा आणि एक लाल वाटा मिळून एक ‘लाइन’ होई आणि दिवसाला किती लाइन खायच्या, ते डॉक्टर ठरवून देत. सुमारे २० ग्रॅम पावात १० ग्रॅम कर्बोदके असतात. पाव नको असेल, तर तेवढ्याच कर्बोदकांचा बटाटा घ्यावा, दूध घ्यावे, फळ घ्यावे. अमुक खाऊ नका, असे वर्षानुवर्षे ऐकलेल्या रुग्णाला ‘याच्याऐवजी हे चालेल’ असे सांगणारा तक्ता आता मिळत होता. या पद्धतीचे मोल इथे आहे. त्यांचे ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक १९२५ साली निघाले आणि त्याच्या आवृत्त्या पुढे अनेक वर्षे निघत राहिल्या. १९३४ मध्ये त्यांनी आपले रुग्ण असलेले कादंबरीकार एच. जी. वेल्स यांच्यासह ब्रिटनमधली मधुमेहींची संघटना स्थापन केली.

अमेरिकेने १९५० मध्ये असेच अदलाबदलीचे तक्ते काढले. तिथे पावाचा एक वाटा १५ ग्रॅम कर्बोदकांचा धरला, तर जर्मनीत १२ ग्रॅमचा. देशोदेशी माप बदलले, पण इन्सुलिनचा डोस आधी ठरायचा आणि पोटाने त्याच्यामागे जायचे, हे बहुतेक ठिकाणी कायम राहिले. घड्याळात जेवणाची वेळ झाली की भूक असो वा नसो, ठरलेले वाटे संपवावेच लागत. ब्रेस्लाऊचे बालरोगतज्ज्ञ कार्ल श्टोल्टे यांनी १९२९ च्या सुमारास मुलांना मनाजोगते जेवू द्यावे आणि इन्सुलिन त्याप्रमाणे द्यावे, असा आग्रह धरला. त्या वेळी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

दरम्यान, ताटच बदलत होते. १९५३ मध्ये अमेरिकेत स्वॉन्सन कंपनीचे गोठवलेले ‘टीव्ही डिनर’ आले. १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘व्हेस्टा’ची सुकवलेली करी आली आणि १९७९ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरने थंड कपाटातले चिकन कीव्ह विकायला ठेवले. लॉरेन्स यांचा तक्ता सुट्या जिनसांचा होता. कारखान्यात पिठात घोळवलेल्या, दाट रस्सा ओतलेल्या पदार्थात किती वाटे धरायचे? मधुमेहींच्या संघटनेने अशा पदार्थांच्या कर्बोदकांची पुस्तिका काढली. पुढे आकडे थेट वेष्टनावर आले. अमेरिकेत १९९० च्या कायद्याप्रमाणे १९९४ पासून बहुतेक पाकिटांवर पोषणाची चौकट सक्तीची झाली, तर युरोपीय संघात डिसेंबर २०१६ पासून.

तयार जेवणाला नावे ठेवण्याची सवय जगभर आहे. त्यातले मीठ आणि चरबी पाहता ती अगदीच अस्थानी नाही. पण इन्सुलिन घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर या डब्याने घरच्या कढईला न जमणारे एक काम केले: कर्बोदकांचा आकडा छापून हाती दिला.

त्या आकड्याचा पुरता उपयोग होण्यासाठी घरच्या घरी रक्तातली साखर तपासण्याची सोय यावी लागली आणि श्टोल्टे यांचा विचार पुन्हा वर यावा लागला. ड्युसेलडॉर्फमध्ये मिखाएल बेर्गर आणि इंग्रिड म्यूलहाउझर यांनी रुग्णांना पाच दिवसांच्या वर्गात जेवणानुसार डोस ठरवायला शिकवले. ब्रिटनने तो अभ्यासक्रम ‘डॅफ्ने’ या नावाने उचलला. १६९ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी शिकलेल्या गटाचे सरासरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली साखर दाखवणारे रक्तातले माप, ८.४ टक्के होते, न शिकलेल्यांचे ९.४. खाण्याची मोकळीक वाढली आणि साखरही सुधारली. चाचणीच्या तीन केंद्रांपैकी एक लॉरेन्स यांचे किंग्ज कॉलेज हॉस्पिटल होते आणि मोजणीचे माप तेच, १० ग्रॅम.

पाकीट वाचणेही शिकावे लागते. हिशेब एकूण कर्बोदकांचा करायचा, नुसत्या साखरेचा नाही. अमेरिकी लेबलवर एकूण कर्बोदकांत तंतूही धरलेले असतात, युरोपीय लेबलवर ते वेगळे असतात. पिझ्झासारख्या चरबीयुक्त जेवणानंतर साखर कित्येक तास उशिरा चढते. ते कोणतीही चौकट सांगत नाही.

भारतात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांसाठी बंद पाकिटातले टिकाऊ जेवण विकसित केले आणि आज तसली पाकिटे पुण्या-मुंबईच्या दुकानांतही मिळतात. त्यांवर आकडे बहुधा १०० ग्रॅमचे असतात. समजा, १०० ग्रॅमला १४ ग्रॅम कर्बोदके लिहिली आहेत आणि पाकीट ३०० ग्रॅमचे आहे, तर पोटात ४२ ग्रॅम जातात, सोबतचा भात वेगळाच. घरची आमटी, उसळ, भाकरी यांवर कसलेच लेबल नसते. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते आहेत. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा ठेवा, नेहमीची भाकरी आणि भाताची वाटी एकदा तोलून घ्या आणि किती कर्बोदकांना किती युनिट इन्सुलिन, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.