परळमधलं ते ऑपरेशन आणि पुण्याहून गेलेलं हृदय

मंडळी, जगातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण कोणी केलं, असं विचारलं की स्पर्धा परीक्षेची पोरं झटकन सांगतात : डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड, केप टाऊन, ३ डिसेंबर १९६७. बरोबर आहे. आता पुढचा प्रश्न. आपल्या देशातलं पहिलं कोणी केलं? बहुतेक जण गप्प बसतात. कोणी दिल्ली म्हणतं, कोणी चेन्नई.

उत्तर आपल्या महाराष्ट्रात आहे. मुंबईत, परळला. आणि तेही पंचतारांकित खाजगी हॉस्पिटलात नाही, महापालिकेच्या केईएममध्ये.

डॉक्टरांचं नाव प्रफुल्लकुमार सेन. जन्म १९१५, कलकत्त्याचा. आडनाव बंगाली, पण माणूस केईएमचाच. तिथल्याच सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले आणि पुढे तिथेच शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. आयुष्यभराचं काम त्यांनी याच सरकारी छपराखाली केलं. गिरणगावातले कामगार, कोकणातून बोटीने नि एसटीने आलेले पेशंट, देशावरचे शेतकरी, हे त्यांचे रुग्ण.

बर्नार्डची बातमी जगभर गेली तेव्हा सेन यांची टीम जागी होऊन कामाला लागली, असं समजू नका. केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणाचे प्रयोग त्याआधी कित्येक वर्षं चालू होते. सेन यांच्याबरोबर डॉ. जी. बी. परुळकरांसारखे सहकारी होते. म्हणजे तयारी इथली होती, हात इथले होते. फक्त शर्यतीत नाव पुढे लागायचं राहिलं.

आता क्रम बघा. बर्नार्डनंतर तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये कँट्रोविट्झ. जानेवारी १९६८ मध्ये पुन्हा बर्नार्ड, मग कॅलिफोर्नियात शमवे, मग पुन्हा कँट्रोविट्झ. आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सहावं ऑपरेशन परळला. दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेनंतर हे करणारा तिसरा देश भारत. आशियातला पहिला. त्या काळात आपल्याकडे अमेरिकेहून गहू यायचा, तेव्हा रेशनच्या रांगेत उभं राहावं लागायचं. तेव्हाची ही गोष्ट आहे.

हृदय देणारी होती रेल्वे अपघातात डोक्याला मार लागलेली एक तरुणी. घेणारा एक तरुण शेतकरी. हृदय बसवलं, ते चाललंही. पण पेशंट जेमतेम तीन तास जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो पेशंट चौदा तास जगला. त्यानंतर केईएमने हा विषय बंद केला.

इथे आपण म्हणतो, फसलं. जरा थांबा. तेव्हा जगात काय चाललं होतं तेही बघा. बर्नार्डचा पहिला पेशंट अठरा दिवस जगला. १९६८ या एका वर्षात जगभर शंभराच्या आसपास हृदयं बदलली गेली आणि त्यातले बहुतेक पेशंट काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. कारण टाके घालणं जमत होतं, पण शरीर परकं हृदय स्वीकारत नव्हतं. ही प्रतिक्रिया नीट आवरणारं सायक्लोस्पोरिन हे औषध हाती यायला १९८० चं दशक उजाडावं लागलं. तोवर बहुतेक देशांनी हात आखडते घेतले. शमवे यांच्यासारखे मोजकेच चिकाटीने काम करत राहिले. म्हणजे सेन यांना जे जमलं नाही, ते तेव्हा जवळपास कोणालाच जमत नव्हतं.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. माणूस मेला कधी म्हणायचं? हृदय थांबल्यावर, की मेंदू थांबल्यावर? हृदय पूर्ण थांबून वेळ गेला तर ते दुसऱ्याला बसवण्याच्या लायकीचं राहत नाही. आणि धडधडत असताना काढलं तर कायद्याने तो खून. जपानमध्ये डॉ. वाडा यांनी ऑगस्ट १९६८ मध्ये असं ऑपरेशन केलं, तर त्यांच्यावर खुनाची चौकशी लागली. त्या धसक्याने जपानमध्ये पुढचं हृदयप्रत्यारोपण व्हायला १९९९ साल उजाडलं. भारतातही मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा नव्हता. सेन आणि त्यांचे सहकारी अशा पोकळीत उभे राहून काम करत होते.

सेन यांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९८२ मध्ये ते गेले. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा त्यांनी पाहिला नाही. तो आला १९९४ मध्ये. आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे संसदेला असा कायदा करायला राज्यांची मागणी लागते. ती मागणी ज्या तीन राज्यांनी केली त्यात महाराष्ट्र होता, जोडीला गोवा आणि हिमाचल प्रदेश. जुलैमध्ये कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि ३ ऑगस्ट १९९४ ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. सही झाली आणि महिन्याभरात ऑपरेशन झालं. सव्वीस वर्षं अडलं होतं ते नुसतं डॉक्टरांच्या कौशल्यापायी नव्हतं, हे यावरून कळतं.

आणि मुंबई? मुंबईला आणखी एकवीस वर्षं थांबावं लागलं. आता यात पुणं येतं.

३ ऑगस्ट २०१५. पुण्यातल्या जहांगीर हॉस्पिटलमध्ये एक महिला ब्रेनडेड झाली. घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला. तिचं हृदय पोलिसांनी मोकळ्या करून दिलेल्या रस्त्याने लोहगावला, तिथून विमानाने मुंबईला आणि पुन्हा रस्त्याने मुलुंडच्या फोर्टिसमध्ये गेलं. काढल्यापासून साधारण चार तासांच्या आत ते बसवायचं असतं, म्हणून ही सगळी धावपळ. डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने ते एका तरुणाला बसवलं. सेन यांच्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी मुंबईत झालेलं हे यशस्वी प्रत्यारोपण, आणि त्यातलं हृदय पुणेकर बाईचं. आपल्या शहराने याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण अभिमानावर थांबू नका, कारण खरा प्रश्न पुढे आहे.

१९६८ मध्ये हे काम महापालिकेच्या दवाखान्यात झालं. गरीब शेतकऱ्यावर झालं. नंतर ते जवळजवळ सगळं खाजगीत गेलं, जिथे खर्च लाखांच्या घरात आहे आणि औषधं जन्मभर. दाता मात्र अनेकदा आपल्यातलाच असतो. हडपसरला दुचाकीवरून पडलेला, कात्रजच्या उतारावर सापडलेला. देणारा कोणीही चालतो आणि घ्यायची वेळ आली की ऐपत बघावी लागते, हे लोकांच्या मनात एकदा बसलं की होकार आटतो. केईएमने जुलै २०२४ मध्ये, छप्पन्न वर्षांनी, पुन्हा हृदयप्रत्यारोपण केलं, म्हणून ही बातमी मला मोठी वाटते. सरकारी दवाखान्यात हे होऊ शकतं. मग आपल्या ससूनसाठी ही मागणी आपले लोकप्रतिनिधी का लावून धरत नाहीत?

दुसरं, आपल्या घरातलं. अपघाताच्या बातम्या करताना नातेवाइकांचं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकलंय : "छाती हलतेय की, मग गेला कसा म्हणता?" ती छाती व्हेंटिलेटर हलवत असतो. कायद्याने मेंदूमृत्यू चार डॉक्टरांनी ठरवायचा, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा त्यात कोणी नसावा लागतो. कोणाला अवयव द्यायचा ते हॉस्पिटल मनाने ठरवत नाही. पुण्याची विभागीय समिती प्रतीक्षा यादीप्रमाणे ठरवते. पश्चिम विभागाचं मुख्य कार्यालय कुठे आहे माहितीये? केईएममध्येच.

फॉर्म भरून ठेवा, चांगलंच आहे. पण ऐन वेळी सही घरचे करतात. म्हणून आज रात्री जेवताना विषय काढा. आई नको म्हणेल, "अभद्र बोलू नको" म्हणेल. तरी काढा. आणि मुलांना सांगा, बर्नार्डनंतर अडीच महिन्यांत परळला एक डॉक्टर हेच करत होता. त्याचं नाव सेन.

तुमचं मत खाली लिहा. ससूनबद्दल तर नक्की लिहा.