वेडा, मंद की नापास? : मराठवाड्यातील बालमानसाच्या नोंदीचा इतिहास

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील ताडकळससारख्या गावात उशिरा बोलू लागलेल्या, वर्गात मागे पडणाऱ्या किंवा एकाच खेळण्यात तासन् तास गुंतून राहणाऱ्या मुलासाठी नावांची उणीव कधीच नव्हती. येडं, खुळं, भोळं, झपाटलेलं ही सारी बोलीतील नावे होत. सरकारी कागदावर मात्र हे मूल फार उशिरा आले आणि ज्या नावाने आले ते नाव बहुधा दुसऱ्याचेच होते. बालमानसाच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे प्रायः रुग्णालयांच्या स्थापनेच्या अंगाने होते. प्रस्तुत लेखात हा इतिहास नोंदीच्या अंगाने पाहिला आहे. असे मूल कोणी मोजले, कोणत्या मापाने मोजले आणि त्या मापातून मराठवाड्यातील खेड्याच्या वाट्याला काय आले, हा येथील प्रश्न आहे.

कायद्यातील एकच शब्द :

ब्रिटिश हिंदुस्थानातील १८५८ चा ३६ वा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२ चा भारतीय वेडेपणाविषयक कायदा या दोहोंनी वेडाची व्याख्या करताना जन्मतः मंद बुद्धीची व्यक्ती आणि पुढे मन बिघडलेली व्यक्ती यांना एकाच शब्दात कोंबले. मूल आणि प्रौढ हा भेदही त्या व्याख्येत नव्हता. कायद्याचा मुख्य रोख सार्वजनिक सुरक्षितता व मालमत्तेचे व्यवस्थापन यांकडे होता. मुलाच्या वाढीशी त्याला कर्तव्य नव्हते. या कायद्यांच्या छायेत नागपूर, रत्नागिरी, येरवडा आणि ठाणे येथील मनोरुग्णालये वाढली. ही चारही स्थाने आजच्या महाराष्ट्रात असली तरी मराठवाड्याबाहेरची आहेत, आणि विसावे शतक संपेपर्यंत राज्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते.

याचे एक कारण राजकीय आहे. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. शिरगणती मात्र संस्थानातही होत असे आणि १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत आंधळे, मुकेबहिरे, कुष्ठरोगी यांच्यासोबत वेडे असाही रकाना असे. गणना झाली, तिच्यामागून व्यवस्था आली नाही. १९४६ साली भोर समितीने संपूर्ण देशाचा आढावा घेतला, तेव्हा मनोरुग्णांसाठी अवघ्या दहा हजारांच्या आसपास खाटा उपलब्ध असल्याचे दिसले. त्यांत बालकांसाठी वेगळी सोय शोधणे व्यर्थच होते.

शाळा, भाषा आणि मोजपट्टी :

मूल वेगळे म्हणून दिसू लागले ते शाळेमुळे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी आपली कसोटी तयार केली, ती सक्तीच्या शिक्षणामुळे वर्गात आलेल्या पण शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांना हुडकण्यासाठी. शेतात अथवा गुरांमागे जाणाऱ्या मुलाचे वाचन कच्चे आहे हे कोणाच्या लक्षात येणार? वर्ग असल्याशिवाय मागे पडणे नाही. कोल्हापूर संस्थानात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांचा शिक्षणविषयक कायदा आला. मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले.

या काळातील सर्वांत महत्त्वाचे काम मात्र मुंबई शहरात झाले नाही. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागात, धारवाड येथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या कसोटीचे मराठी व कानडी रूपांतर सिद्ध केले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. बिने-कामत कसोटी या नावाने ती पुढे कित्येक दशके दवाखान्यांत वापरली गेली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून डॉ. ए. जे. मालिन यांनी वेक्सलर यांच्या कसोटीचे भारतीय रूप तयार केले. मराठी मुलाची बुद्धी मोजण्याचे हे दोन प्रमुख प्रयत्न मराठी प्रदेशाच्या दोन टोकांना झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दक्षिणेच्या सीमेवर एक, पूर्वेकडे दुसरा. मध्ये मराठवाडा रिकामाच राहिला.

मराठवाड्यात त्या वेळी वेगळाच पेच होता. संस्थानात माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ हे त्या धोरणाचे शिखर. घरी मराठी बोलणारे मूल उर्दूतून शिकत होते. त्याला धडा समजत नसे तेव्हा दोष बुद्धीचा की माध्यमाचा, हे ठरवणार कोण? आंबेजोगाईचे योगेश्वरी विद्यालय किंवा हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा यांचा इतिहास स्वातंत्र्यलढ्याच्या संदर्भात लिहिला जातो, आणि ते योग्यच आहे. त्या शाळांकडे दुसऱ्या दृष्टीनेही पाहता येईल : मातृभाषेतून शिकण्याची संधी मिळाल्याखेरीज कोणते मूल खरोखर मंद आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. धारवाडच्या मुलांवरून ठरलेली शाब्दिक कसोटी गोदाकाठच्या बोलीत वाढलेल्या मुलाला लावतानाही हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

विभाजन आणि पोकळी :

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जुनी गल्लत दूर केली. मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमंदत्व वगळले गेले आणि सोळा वर्षांखालील रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालयांची तरतूद झाली. हे पाऊल पुरोगामी खरे, परंतु ज्यांना वगळले त्यांच्यासाठी दुसरा कायदा सिद्ध नव्हता. अपंग व्यक्तींसाठीचा समान संधी कायदा १९९५ मध्ये संमत झाला. मधल्या काळात मतिमंद मूल कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ बेवारस होते. त्याचा भार पालकांनी व खाजगी संस्थांनी उचलला होता. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून चालू होती, आणि तिचा आरंभ एका मुलीच्या आईवडिलांच्या निकडीतूनच झाला होता. अशा शाळा शहरांत निघाल्या. तालुक्याच्या गावी असे आईवडील एकाकीच राहिले.

१९९५ च्या कायद्याने मतिमंदत्वाला स्थान दिले, स्वमग्नतेला दिले नाही. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले होते ते १९४३ मध्ये. भारतात तिचा उल्लेख १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला, आणि अध्ययन अक्षमतेसह अपंगत्वाच्या यादीत ती बसली २०१६ च्या कायद्याने. अध्ययन अक्षमतेबाबत महाराष्ट्र पुढे होता, हे नमूद केले पाहिजे. १९९६ पासून शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळू लागल्या. तथापि सवलतीसाठी प्रमाणपत्र हवे आणि प्रमाणपत्र देणारी मान्यताप्राप्त केंद्रे आरंभी मुख्यतः मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत होती. कागदावर हक्क साऱ्या राज्याचा होता. तो बजावण्यासाठी परभणीच्या मुलाला रात्रीची रेल्वे पकडणे भाग होते.

खेड्यात तोवर धोक्याची एकच खूण होती, ती म्हणजे नापास होणे. एकाच इयत्तेत दोनदा बसलेल्या मुलाकडे निदान कोणीतरी पाहत असे, मग ते पाहणे कितीही कठोर असो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले (२०१९ च्या दुरुस्तीने त्यात बदल झाला). शिक्षेचा डाग पुसला गेला, हे स्वागतार्ह. पण खूणही पुसली गेली. २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू होऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीची योजना झाली, आणि विकासातील विलंब तिच्या कक्षेत घेतला गेला. वर्षाकाठी एका भेटीत मूल घाबरले आहे, लाजले आहे की खरोखर समजू शकत नाही, हे ओळखणे सोपे नाही.

जनगणनेचा रकानाही या साऱ्या प्रवासासोबत बदलत गेला. २००१ मध्ये मानसिक असा एकच प्रकार विचारला गेला. म्हणजे १९८७ साली कायद्याने तोडलेले नाते मोजणीच्या तक्त्यात अजून टिकून होते. २०११ मध्ये प्रथमच मतिमंदत्व आणि मानसिक आजार हे दोन रकाने वेगळे झाले. खेड्यात हा तक्ता भरण्याचे काम बहुधा प्राथमिक शिक्षकाकडेच येते. वर्गाच्या नोंदवहीत ज्याच्यापुढे त्याने अप्रगत असा शेरा लिहिलेला असतो, त्याच मुलाच्या घरी जाऊन त्याला हा प्रश्न विचारावा लागतो, आणि घरातले जे सांगतील तेच त्याने लिहायचे असते.