‘पेपर’वरचा भाऊ

आजचा भाग अमेरिकेतल्या कॉलेजांचा आहे, आणि एका अवघड प्रश्नाचा: एखादा मुलगा स्वतःहून मार खायला तयार झाला, तर दोष कोणाचा?

आधी थोडा इतिहास. 1906 साल, न्यूयॉर्क राज्यातलं कॉर्नेल विद्यापीठ. कृष्णवर्णीय विद्यार्थी मोजकेच, आणि गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटींची दारं त्यांना बंद. मग सात जणांनी स्वतःचीच काढली, अल्फा फाय अल्फा. दोन वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठात मुलींची अल्फा कप्पा अल्फा सोरोरिटी आली. पुढे अशा नऊ संघटना झाल्या. त्यांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात. मार्टिन ल्यूथर किंग अल्फाचे, कमला हॅरिस अल्फा कप्पा अल्फाच्या. हे नातं पदवीबरोबर संपत नाही. नोकरी असो की निवडणूक, आपली माणसं पाठीशी उभी राहतात. म्हणून तर आत जायची एवढी ओढ.

आत जायची वाट म्हणजे प्लेजिंग. उमेदवारांनी काही आठवडे एकत्र रांगेत चालायचं, संघटनेचा इतिहास पाठ करायचा, जुन्यांचा शब्द झेलायचा. स्पाइक लीच्या 1988 च्या ‘स्कूल डेझ’ सिनेमात हे सगळं दिसतं. पण त्याच्याच आडून लाकडी फळीचे फटके आणि थपडाही आल्या.

1989 मध्ये अटलांटाच्या मोअरहाऊस कॉलेजात अल्फामध्ये येऊ पाहणारा 18 वर्षांचा मुलगा मरण पावला. 1990 मध्ये तेव्हाच्या आठही संघटनांनी मिळून प्लेजिंगच बंद केलं. आता अर्ज, मुलाखत, थोडं शिक्षण, की झालात सदस्य.

प्रश्न सुटला? नाही ना! मार न खाता आलेल्याला ‘पेपर’ म्हणून हिणवायला लागले, म्हणजे नुसता कागदावरचा भाऊ. परिणाम काय, तर जी रांग कॅम्पसवर सगळ्यांना दिसायची ती रात्रीच्या अंधारात गेली. 1994 मध्ये मिसुरीत कप्पा अल्फा सायच्या छुप्या प्लेजिंगमध्ये मारहाण होऊन एक विद्यार्थी गेला. गोष्ट लपवायची असली की दवाखाना गाठायलाही हात कचरतो, हे लक्षात घ्या.

आपल्याकडच्या रॅगिंगमध्ये सीनियर नव्या पोराला गाठतात. इथे पोरगा स्वतः दार ठोठावतो. म्हणून ‘त्याची मर्जी होती’ हे वाक्य लगेच पुढे येतं. मिसुरीचा कायदा मात्र स्पष्ट सांगतो, की संमती हा बचाव होऊ शकत नाही. मला ते पटतं. त्याची मर्जी होती भाऊ व्हायची. मार ही त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी ठरवली.

आणि संघटना? ‘आम्ही बंदी घातली होती, नियम त्या पोरांनी मोडला’, हे म्हणणं खोटं नाही, पण अर्धंच आहे. ‘पेपर’ हा टोमणा त्या चार पोरांनी शोधलेला नाही. तो पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आणि त्यावर हसणाऱ्यांत नोकरी-धंद्यात स्थिरावलेले जुने सदस्यही असतात. फळी ज्याच्या हातात, तो गुन्हेगार. पण ‘खरा भाऊ’ कोण हे ठरवणाऱ्यांचाही त्यात वाटा आहेच.

फेब्रुवारी 2025 मध्ये लुईझियानातल्या सदर्न युनिव्हर्सिटीचा एक विद्यार्थी गेला. पोलिसांचं म्हणणं, ओमेगा साय फायमध्ये येण्यासाठी त्यानं छातीवर ठोसे झेलले होते. बंदीला तेव्हा 35 वर्षं झाली होती.

तुमच्या ग्रुपमध्ये ‘खरा आपला’ कोण, हे कशावरून ठरतं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!