स्कुबा डायव्हिंगला जाण्यापूर्वी दात का तपासून घ्यावेत?

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत कामोठे, पनवेल परिसरातील अनेक कुटुंबे मालवण-तारकर्लीला जातात आणि तिथे स्कुबा डायव्हिंग करतात. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास याची चौकशी बहुतेक जण करतात. दातांचा विचार मात्र क्वचितच होतो. जमिनीवर अजिबात न दुखणारा दात पाण्याखाली अचानक ठणकू शकतो. या दुखण्याला 'बॅरोडोंटाल्जिया' म्हणतात.

पाण्याखाली दात का दुखतो?

समुद्राच्या पृष्ठभागावर हवेचा दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर असतो. १० मीटर (सुमारे ३३ फूट) खोलीवर एकूण दाब दुप्पट होतो आणि बंद जागेतील हवेचे आकारमान निम्मे होते. वर येताना ती पुन्हा फुगते. निरोगी दातात हवेला जागा नसते. कीड, सैल झालेले सिमेंट किंवा चांदी, अपुरे रूट कॅनल किंवा ढिली कॅप यांच्या आत मात्र पोकळी राहू शकते. त्यातील हवा आकसली किंवा फुगली की ताण येतो आणि कळ येते. कधी भरलेले सिमेंट निघते, कॅप सुटते किंवा आधीच कमकुवत झालेला दात तडकतो. दाताच्या नसेला सूज असेल किंवा मुळाशी पू असेल, तरीही दाब बदलताच दुखणे वाढते.

"आम्ही तर फार खोल जाणार नाही"

हा गैरसमज आहे. दाबातील सर्वांत मोठा सापेक्ष बदल पृष्ठभागाजवळच होतो. फक्त ३ मीटरवर हवेचे आकारमान जवळजवळ पाव हिश्शाने कमी होते. त्यामुळे उथळ पाण्यातही त्रास होऊ शकतो.

खरा धोका कोणता?

दातदुखीपेक्षा तिच्यामुळे होणारी घाबरगुंडी जास्त धोक्याची आहे. कळ असह्य झाली की माणूस श्वास रोखून झटकन वर येतो. अशा वेळी फुफ्फुसातील हवा फुगून फुफ्फुसाला इजा होऊ शकते आणि ती जिवावर बेतू शकते.

डायव्हिंग कधी टाळावे?

- दात दुखत असल्यास, हिरडीला सूज किंवा पू असल्यास.
- रूट कॅनल अर्धवट असून तात्पुरते सिमेंट भरलेले असल्यास.
- दात भरल्यानंतर किमान २४ तास.
- दाढ काढल्यानंतर जखम पूर्ण भरेपर्यंत. अक्कलदाढ काढली असल्यास साधारण ४ ते ६ आठवडे. वरच्या दाढांची मुळे सायनसच्या अगदी जवळ असतात, म्हणून डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्यावरच जा.
- सर्दी किंवा सायनसचा त्रास असल्यास. सायनसचे दुखणे वरच्या दाढांत जाणवते. नाकाचा स्प्रे मारून जाऊ नका. पाण्याखाली त्याचा असर उतरू शकतो.

वेदनाशामक गोळी घेऊन जाणेही योग्य नाही. गोळीने दुखणे दबते, आतील पोकळी तशीच राहते.

जाण्यापूर्वी काय करावे?

सहलीच्या किमान महिनाभर आधी दात तपासून घ्या, म्हणजे उपचाराला आणि जखम भरायला वेळ मिळेल. नेहमीच्या दंतवैद्यांकडे जा किंवा कामोठ्यातील एमजीएम डेंटल कॉलेजसारख्या रुग्णालयात दाखवा. "मी डायव्हिंगला जाणार आहे" हे आवर्जून सांगा. जुने सिमेंट, कॅप आणि रूट कॅनल केलेले दात तपासायला सांगा. गरज वाटल्यास डॉक्टर एक्स-रे काढतील.

काढता येणारी कवळी असेल तर तीही दाखवा. श्वास घेण्याचे माउथपीस दातांनी धरावे लागते. सैल कवळी निसटून घशात अडकू शकते. जबड्याचा सांधा दुखत असेल तर माउथपीस धरून ठेवल्याने दुखणे वाढते.

पाण्याखाली दुखू लागल्यास

श्वास रोखू नका. सावकाश श्वास घेत राहा. पंजा आडवा धरून डावीकडे-उजवीकडे हलवा, म्हणजे 'काहीतरी त्रास आहे', आणि दुखणाऱ्या जागेकडे बोट दाखवा. अंगठा वर करण्याचा अर्थ इथे 'छान' असा नसून 'वर जायचे आहे' असा होतो. प्रशिक्षकासोबत हळूहळू वर या आणि त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

वर आल्यावर दुखणे थांबले तरी दंतवैद्यांना दाखवा. तो दात आतून बिघडलेला असण्याची शक्यता असते. छातीत दुखणे, धाप लागणे, हातपाय बधिर होणे, चक्कर किंवा बेशुद्धी यांपैकी काहीही झाल्यास ते दाताचे दुखणे समजू नका. ताबडतोब १०८ वर फोन करा आणि डायव्हिंग केल्याचे डॉक्टरांना सांगा.