प्रवरेचा ऊस आणि प्रकाशाचे वळण

१/ १९५०-५१. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणी येथे उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचा हा पहिला गळीत हंगाम. नगर जिल्ह्याचा हा इतिहास आपण सहकाराच्या अंगाने वाचत आलो. आज तो साखरेच्या रेणूच्या अंगाने पाहू.

२/ साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश सोडला, तर त्याचे प्रतल उजवीकडे वळते. फ्रेंच शास्त्रज्ञ बियो यांनी १८१५ मध्ये अशा वळणाची नोंद केली. साखर जितकी अधिक, तितके वळण अधिक. कारखान्याच्या प्रयोगशाळेत आजही रसातील साखर याच तत्त्वावर मोजली जाते. त्या मापाला ‘पोल’ म्हणतात.

३/ प्रकाश वळतो का? १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे उत्तर दिले: कार्बनच्या चार बाजूंना चार भिन्न गट असतील, तर डाव्या-उजव्या हातांसारख्या दोन रचना संभवतात. निसर्गातील ग्लुकोज जवळजवळ सर्वत्र एकाच ‘हाताचे’ आहे.

४/ पण कोणत्या? १८९१ मध्ये एमिल फिशर यांनी ग्लुकोजची रचना उलगडली. मात्र दोन प्रतिबिंबांपैकी एक त्यांना केवळ गृहीत धरावे लागले. १९५१ मध्ये नेदरलँड्समध्ये बायफूट यांनी टार्टरिक आम्लाच्या क्षाराचा क्ष-किरणांनी अभ्यास केला आणि ते गृहीतक खरे ठरले. प्रवरेची पहिली साखर तयार झाली, त्याच सुमारास!

५/ शेतकऱ्याला याचे काय? तोडलेला ऊस पडून राहिला, की त्यातील साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागते. दोन्ही रचनेने ‘डी’ कुळातीलच. पण फ्रुक्टोज प्रकाशाला डावीकडे इतके जोराने वळवते, की मिश्रणाचे वळणच उलटते. म्हणून या मिश्रणास ‘इन्व्हर्ट’, म्हणजे उलटलेली साखर म्हणतात. पोल घसरतो, पोत्यात पडणारी साखर घटते, उतारा कमी होतो.

६/ उसाची एफआरपी या उताऱ्याशी बांधलेली आहे, आणि उतारा धरला जातो तो संपूर्ण कारखान्याचा. एकाचा ऊस उन्हात दोन दिवस खोळंबला, तर त्याची झळ ताजा ऊस घालणाऱ्यालाही बसते.

७/ वजनकाट्यावरील आकडा शेतकरी स्वतः पाहतो. प्रकाशाचे वळण त्याला दिसत नाही. सहकाराच्या इतिहासात काट्यावर पुष्कळ लिहिले गेले. या दुसऱ्या मापाचा इतिहासही तितकाच शेतकऱ्याचा आहे.