रणजी अंतिम सामन्यांतील मुंबईची गोलंदाजी

रणजी करंडक स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत प्रतिपक्षाचे वीस बळी मिळवण्यासाठी मुंबई संघाने वेळोवेळी योजलेल्या गोलंदाजीच्या पद्धतींचा इतिहास. १९३४-३५ ते २०२३-२४ या काळातील या संघाची ४२ विजेतेपदे लक्षात घेता, एकाच गोलंदाजाच्या खांद्यावर भार टाकण्याच्या रीतीकडून अनेकांत कामाची वाटणी करण्याकडे झालेली वाटचाल या नोंदीत मांडली आहे.

आरंभीच्या काळात अंतिम सामना निकाल लागेपर्यंत चालवला जाई. १९४४-४५ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांच्यात झालेल्या अशा सामन्यात २,०७८ धावा झाल्या आणि होळकरांचे लेगस्पिनर सी. एस. नायडू यांनी १५२.५ षटके, म्हणजे ९१७ चेंडू टाकून ४२८ धावांत ११ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात कोणीही याहून जास्त चेंडू टाकलेले नाहीत. मुंबई ३७४ धावांनी विजयी झाली. मुदत नसलेल्या सामन्यात घाईला वाव नव्हता आणि फलंदाज कंटाळून चूक करेपर्यंत टप्पा राखणे हेच गोलंदाजाचे मुख्य शस्त्र होते.

१९५८-५९ पासून सलग १५ वर्षे करंडक मुंबईकडे राहिला. त्या मालिकेतील शेवटचा, १९७२-७३ चा अंतिम सामना चेपॉकच्या फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीवर झाला. डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले, तर दुसऱ्या डावातील उरलेले पाचही बळी एकनाथ सोलकर यांनी २३ धावांत टिपले; तमिळनाडूचे डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. पावसाळी कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांवर तयार झालेल्या मुंबईच्या फिरकी गोलंदाजांना अशा परिस्थितीचा सराव होता, त्यामुळे एका टोकाने एकच गोलंदाज दीर्घकाळ चालवणे कर्णधाराला परवडत असे.

पुढे वानखेडेच्या लाल मातीतील उसळीमुळे वेगवान माऱ्याचे महत्त्व वाढले. २०१२-१३ मध्ये सौराष्ट्राचा दुसरा डाव धवल कुलकर्णी आणि अजित आगरकर यांच्या माऱ्यापुढे ८२ धावांत कोसळला. २०१५-१६ मध्ये पुण्याच्या अंतिम सामन्यात त्याच संघाविरुद्ध पहिल्या डावात कुलकर्णी यांनी पाच, तर दुसऱ्या डावात शार्दूल ठाकूर यांनी २६ धावांत पाच बळी मिळवले. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर, म्हणजे पहिल्या डावात जास्त धावा करणाऱ्या संघाच्या बाजूने निकाल लागतो. म्हणून नव्या चेंडूवरच प्रतिपक्षाला रोखणे हा या काळातील डावपेचांचा पाया ठरला.

२०२३-२४ च्या वानखेडेवरील अंतिम सामन्यात विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत गुंडाळताना कुलकर्णी, शम्स मुलाणी आणि तनुष कोटियन यांनी प्रत्येकी तीन बळी घेतले. ५३८ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करणाऱ्या विदर्भाने दुसऱ्या डावात ३६८ धावांपर्यंत झुंज दिली. त्या डावात कोटियन यांनी चार बळी मिळवले आणि उरलेले सहा इतर चौघांत विभागले गेले.

असाच बदल अमेरिकेतील बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजमध्येही दिसतो. १९०५ मध्ये ख्रिस्ती मॅथ्यूसन यांनी सहा दिवसांत तीन पूर्ण सामने एकही धाव न देता टाकले, तर २०२० मध्ये ब्लेक स्नेल यांना संघ आघाडीवर असतानाही ७३ चेंडूंनंतर बदलण्यात आले. बेसबॉलमध्ये बदललेला खेळाडू त्या सामन्यात परतू शकत नाही. क्रिकेटमध्ये मात्र विश्रांतीनंतर तोच गोलंदाज पुन्हा आणता येत असल्याने, छोट्या स्पेलची, म्हणजे सलग टाकलेल्या मोजक्या षटकांची आखणी मुंबईच्या कर्णधारांना अधिक मोकळेपणाने करता येते.