चार अक्षरी क्रमांकाची कुळकथा

प्रथिनांच्या रचनेवरचा शोधनिबंध उघडला की त्यात चार अक्षरांचा एक क्रमांक सापडतोच. 1एमबीएन हा त्यांतलाच. स्पर्म व्हेल या देवमाशाच्या स्नायूतल्या मायोग्लोबिनचा तो पत्ता. केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांनी 1958 साली पहिल्यांदा उलगडलं ते हेच प्रथिन. आज प्रोटीन डेटा बँक या भांडारात हा क्रमांक टाकला की त्यातल्या अणूंची स्थानं कुणालाही फुकट पाहायला मिळतात.

एके काळी निबंधात फक्त चित्र छापून येई. अणूंच्या स्थानांचे आकडे ज्याच्या त्याच्या प्रयोगशाळेत राहत. हवे असतील तर पत्र लिहून वाट पाहायची. जून 1971 मध्ये अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला स्फटिकशास्त्रज्ञ जमले आणि सामाईक भांडाराचा विषय निघाला. ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या वॉल्टर हॅमिल्टन यांनी ते सांभाळायची तयारी दाखवली. ऑक्टोबरमध्ये प्रोटीन डेटा बँक जाहीर झाली, तेव्हा गाठीशी रचना होत्या अवघ्या सात. मागणी आली की चुंबकीय फितीवर उतरवून टपालाने पाठवायच्या.

नोंदीची ओळ 80 खणांची, कारण तेव्हाच्या पंचकार्डाला खण तेवढेच. आधी ‘अ‍ॅटम’ हा शब्द, मग अणूचा क्रमांक, तो कोणत्या अमिनो आम्लातला हे, आणि पुढे एक्स, वाय, झेड हे स्थानाचे आकडे, अंगस्ट्रॉममध्ये तीन दशांश स्थळांपर्यंत.

पण भांडार उघडलं म्हणून लोक आकडे देतातच असं नाही. एकेका रचनेमागे कित्येक वर्षं गेलेली असत. आपल्याआधी दुसराच त्यातून निष्कर्ष काढेल ही धास्ती मला पूर्णपणे समजते. येलचे फ्रेडरिक रिचर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात आग्रह धरला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेने 1989 मध्ये नियम केले: निबंध छापायचा तर आकडे जमा करा, हवं तर वर्षभर झाकून ठेवा. नियतकालिकं क्रमांक मागू लागली आणि रीत पक्की झाली. पुढे ही वर्षाची सवलतही गेली.

आता प्रत्येक नोंदीला निबंधासारखाच स्वतःचा डीओआय हा कायमचा ओळखक्रमांक आहे, जमा करणाऱ्यांची नावं आहेत. म्हणजे निबंधाइतकाच त्या आकड्यांचाही संदर्भ देता येतो, आणि तो द्यायलाच हवा. 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं, त्यांतल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांचं अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनांच्या रचनेचा अंदाज बांधणारी संगणकप्रणाली, याच भांडारातल्या रचनांवर शिकलं. त्या रचना जमा करणारे हजारो संशोधक होते. त्यांच्या पन्नास वर्षांच्या देण्याशिवाय अल्फाफोल्डला शिकायला काही उरलंच नसतं.